चाचांचे अठ्ठावीस हजार आठशे

घोड्यांना नाल ठोकणाऱ्या नालबंदाचे पैसे कसे द्यावेत असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच. शेवटच्या खुरावरून कानस फिरवून त्याने कमरेचा चामड्याचा पट्टा सोडला की तिथेच, त्याच्या हातात. यंदा मे ते सप्टेंबर आम्हाला याच्या उलट करावं लागलं आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

माझ्या दोन घोड्या आहेत, चांदणी आणि बिजली. साताऱ्याजवळच्या एका शिक्षण संस्थेच्या तबेल्यात त्या असतात. संस्थेचे चार घोडे, आणखी दोघांचा एकेक आणि माझ्या दोन, असे आठ. वैरण, दाणा, घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचा पगार यांचे पैसे आम्ही दरमहा संस्थेत भरतो. नालबंदाचा हिशेब मात्र अकरा वर्षं ज्याचा त्याने रोखीत चुकता केला. संस्थेच्या घोड्यांचे पैसे तबेल्याचे व्यवस्थापक देऊन टाकत आणि मागाहून घेत. कुणाची कधी तक्रार नव्हती.

आमचे नालबंद चाचा दर सहा आठवड्यांनी येतात. मोटारसायकलच्या मागे पत्र्याची पेटी, वर गोणपाटात गुंडाळलेल्या नाला. घोड्याचा खूर महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढतो, म्हणून सहा आठवड्यांत नाल जागेवरून सरकायला लागते आणि खिळ्यांची वळवलेली टोकं वर येऊ लागतात. जुनी नाल काढायची, खूर तासून सपाट करायचा, नवी नाल बेतून ठोकायची. एका घोड्याच्या चार पायांचे बाराशे रुपये. त्यातले पाचशेच्या आसपास नाला आणि खिळ्यांतच जातात, आणि ते चाचांनी आधीच दुकानात रोख मोजलेले असतात. हा आकडा लक्षात ठेवा. पैसे थांबले की फक्त मजुरी थांबत नाही, त्याच्या खिशातून गेलेलं भांडवलही अडकतं.

मे महिन्यात संस्थेने कळवलं की यापुढे सगळे व्यवहार लेखा विभागातून होतील. मालकांनी घोड्यामागे बाराशे कार्यालयात भरायचे, संस्था नालबंदाच्या खात्यात एकरकमी जमा करणार. मला ते सोयीचं वाटलं. सुट्टे पैसे शोधायला नकोत, चाचांनाही घरी जाताना रोकड बाळगायला नको. मी सही केली. माझे चोवीसशे प्रत्येक वेळी वेळेवर भरले, पावत्या माझ्याकडे आहेत. चाचा मेच्या मध्यात आले, जूनअखेर आले, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आले. आठ घोड्यांचे एका खेपेचे ९,६०० म्हणजे तीन खेपांचे २८,८००. त्यातला एक रुपया त्यांना मिळाला नव्हता.

घोडं पेंड खात होतं ते लेखा विभागात. पहिल्यांदा गेले तर म्हणाले, बिल नाही. चाचा मराठी वाचतात, सही करतात, पण बिल त्यांनी आयुष्यात कधी लिहिलेलं नाही. मी माझ्या अक्षरात लिहिलं, त्यांनी सही केली. आठ दिवसांनी ते परत आलं. छापील बिल हवं, त्यावर जीएसटी क्रमांक हवा. वर्षाला २० लाखांच्या आतल्या सेवेला जीएसटी नोंदणी लागत नाही आणि चाचांची वर्षाची कमाई त्याच्या जवळपासही नाही, हे सांगण्यात पुढचे पंधरा दिवस गेले. मग तीन पानी इंग्रजी फॉर्म आला. नाव, पत्ता, पॅन, रद्द केलेला चेक. चाचांकडे चेकबुक नाही म्हटल्यावर पासबुकाची झेरॉक्स चालेल असं कळलं, पण पॅनवाचून फॉर्म स्वीकारणार नाहीत. बिलं पडून आणि मी दर सोमवारी त्या खिडकीपुढे उभी. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, तसं माझं झालं होतं.

मी चाचांना घेऊन साताऱ्यात एका सेवा केंद्रात गेले. आधारवरून ऑनलाइन पॅन लगेच मिळतो आणि त्याला पैसेही लागत नाहीत, हे मला माहीत होतं. तिथल्या मुलाने आधार पाहिलं आणि मान हलवली. त्यावर जन्मसाल होतं फक्त, १९७१. झटपट पॅनला पूर्ण तारीख लागते आणि आधारला जोडलेला चालू मोबाइलही. जोडलेला नंबर चाचांच्या नातवाचा जुना, केव्हाच बंद पडलेला. तारीख विचारली तर चाचा म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली, पावसाळ्यात. अम्मी एवढंच सांगायची." शाळेचा दाखला काढावा तर चौथीपर्यंतची शाळा दुसऱ्या तालुक्यात. तिथे दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला जुनं रजिस्टर सापडलं, पण नोंदीत नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं, म्हणजे आधारशी जुळेना. त्या दिवशी चाचांचा धंदा बुडाला. येताना गाडीत ते म्हणाले, "ताई, मी अकरा वर्षं तुमच्या घोड्यांचे पाय धरतोय. तेव्हा कुणी माझी जन्मतारीख विचारली नाही." मला उत्तर सुचलं नाही.

आपल्याकडे या पैशाला एक जुना शब्द आहे, नालबंदी. मराठेशाहीत स्वतःचा घोडा घेऊन येणाऱ्या शिलेदाराला मोहिमेपूर्वी घोड्याच्या तयारीसाठी जी रक्कम मिळे, तिला नालबंदी म्हणत. ती आगाऊ मिळे, काम झाल्यावर चार महिन्यांनी नव्हे.

सप्टेंबरच्या मध्यावर चाचा यायला हवे होते. आले नाहीत. फोनवर नाही म्हणाले नाहीत, पुढच्या आठवड्यात बघतो म्हणाले. तो आठवडा गेला, आणखी एक गेला. चिखलाचे दिवस. ओलीने खूर मऊ पडतो, खिळे सैल होतात. चांदणी चालताना पुढच्या उजव्या पायाचा आवाज बदलला होता. घट्ट नालेचा आवाज एकसंध आणि भरीव येतो. सैल नाल पाय टेकल्यावर मागाहून आणखी एकदा वाजते. मी खुरावर हात फिरवला तर खिळ्यांची टोकं बोटाला टोचली. दोन दिवसांनी सकाळी मोतद्दाराचा फोन आला. चांदणीने चिखलात नाल उपटली होती आणि बाहेरच्या बाजूचा खुराचा करंगळीएवढा तुकडा सोबत गेला होता.

मी तशीच चाचांच्या घरी गेले. दाराशी पत्र्याची पेटी उघडी होती. त्यांनी खिळ्यांचा डबा उचलून माझ्यापुढे उपडा केला. सहा-सात खिळे पडले, तेही वाकडे. "दुकानदार उधार देत नाही. नाला मी घरी घडवेन, खिळे कशाचे घडवू?" मी खिशातले पाच हजार दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते तबेल्यात हजर होते.

त्या दिवशीचं काम मी जवळ बसून पाहिलं. चांदणीचा पाय गुडघ्यांत धरून ते वाकले. तुकडा गेलेल्या बाजूला खिळा मारायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी नाल किंचित रुंद केली आणि त्या बाजूला दोनच खिळे घेतले, तेही पुढच्या अंगाला. खिळा खुराच्या कडक भिंतीतून नीट जात असेल तर हातोडीचा आवाज घावागणिक भरत जातो. एका घावाला आवाज बोदा आला. चाचांचा हात तिथेच थांबला. खिळा बाहेर काढला, नवा घेतला, केसभर बाहेरून मारला. आत जिवंत मांस आहे, तिथे खिळा लागला तर घोडं महिनाभर लंगडतं. बाराशे रुपये या कानाचे आहेत. ते कुठल्या तीन पानी फॉर्मात लिहिता येत नाहीत.

मार्ग शेवटी निघाला तो माझ्या स्वतःच्या सीएमुळे. मी आधी त्यांच्याकडे गेले असते तर जूनमध्येच प्रश्न मिटला असता, म्हणून हे नीट लिहिते. अशा कामाच्या एका बिलाची रक्कम ३० हजारांच्या आत आणि एका माणसाला वर्षभरात दिलेली एकूण रक्कम १ लाखाच्या आत असेल तर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घ्यायचा आयकर, कापायचा नसतो. टीडीएस नाही, तर पॅनसाठी अडून बसायचं कारण नाही. आमचं वर्षाचं गणित नऊ खेपा धरल्या तरी ८६,४०० होतं. शिवाय एका दिवसात एका माणसाला १० हजारांपर्यंत रोख दिले तर संस्थेच्या हिशेबात तो खर्च नाकारला जात नाही. आमची एक खेप ९,६०० ची. म्हणजे जे आम्ही अकरा वर्षं करत होतो, ते नियमांत चपखल बसत होतं. साधं व्हाउचर, त्यावर चाचांची सही आणि रक्कम ५ हजारांच्या वर म्हणून एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प, एवढंच.

तीन खेपांची बिलं मात्र वेगवेगळी ठेवायची, एकत्र करायची नाहीत. लेखा विभाग सोयीसाठी सगळं एका बिलात घालायला सांगत होता. चौथी खेप त्यात मिसळली असती तर आकडा ३८,४०० झाला असता, ३० हजारांच्या वर.

सीएंनी हे पानभर लिहून दिलं. मी ते लेखा विभागाच्या खिडकीत दिलं नाही, थेट संस्थेच्या खजिनदारांकडे नेलं. त्यांनी वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि फोन उचलला. जुन्या थकबाकीचे २८,८०० चाचांच्या खात्यात जमा झाले ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. पुढच्या खेपांसाठी तबेल्याच्या व्यवस्थापकांकडे दहा हजारांची फिरती रक्कम ठेवली आहे. व्हाउचर दाखवलं की ती परत भरली जाते. हे करून घेतल्याचा मला अभिमान आहे, आणि ज्यांचे घोडे अशा संस्थांच्या तबेल्यात आहेत त्यांनी पहिल्याच दिवशी हे मागून घ्यावं.

आठवलं म्हणून सांगते. नालबंदाच्या पेटीवर यूपीआयचा कोड चिकटवलेला असेल तर पैसे पाठवण्याआधी ते खातं कुणाचं आहे ते त्यालाच विचारा. चाचांच्या पेटीवरचा कोड नातवाच्या खात्याचा होता आणि नातू पुण्यात. नाल न मारता फक्त खूर तासून घेतला तर दर निम्म्याच्या आसपास असतो, तो आधी ठरवावा. आठवड्याच्या आत नाल निघाली तर चाचा ती फुकट बसवून देतात, पण पेट्रोलचे पैसे आपण द्यायचे, ते मागत नाहीत. लाथा झाडणाऱ्या घोड्याचे वर शंभर-दोनशे द्यावेत. ईदच्या आधी बाकी ठेवू नये. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत लोहार आहे, नालबंद नावाने नाही. चाचा नाला स्वतः घडवतात, तेव्हा लोहार म्हणून अर्ज करता येईल का, ते मी बघते आहे. त्यासाठी आधारवरची जन्मतारीख आता दुरुस्त करायला टाकली आहे, यावेळी घाई नाही.

दसऱ्याला आम्ही घोड्यांबरोबर चाचांच्या हातोडीलाही हळद-कुंकू लावलं. माझे पाच हजार त्यांनी त्याच दिवशी परत केले, मोजून, पाचशेच्या दहा नोटा. चांदणीच्या खुराची तुटकी खाच खाली सरकते आहे, कडेला यायला अजून चार-पाच महिने लागतील. पुढची खेप नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तबेल्याच्या दारावर खडूने तारीख लिहिली आहे आणि तिच्या खाली ९,६००.