हात थरथरतो तो वयामुळेच?

आज आबांना घेऊन खानापूरहून बेळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. गल्लीतलं मत ठरलेलं होतं, "वय झालंय ओ, हात हलणारच."

डॉक्टरांनी आधी चालायलाच लावलं. उजवा हात झुलतच नव्हता. बोटांची भरभर उघडझाप मंदावत गेली, एक ओळ लिहायला दिली तर अक्षर शेवटाकडे मुंगीएवढं. हात मांडीवर निवांत असताना थरथरतो, कप उचलला की कमी होतो. निदान पार्किन्सन, म्हणजे हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार. कप धरताना, लिहिताना थरथर वाढत असेल तर तो बहुतेक वेळा दुसराच आजार, औषधंही वेगळी.

सगळ्यात जास्त वेळ गेला जुन्या चिठ्ठ्या बघण्यात. चक्करेची सिनारिझिन, उलटीची मेटोक्लोप्रमाइड अशा गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर हुबेहूब हीच लक्षणं दिसू शकतात; गोळी सुटली की बहुधा हळूहळू ओसरतात. आपल्याकडे चक्करेची गोळी मेडिकलमधून चॉकलेटसारखी आणतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. आबांच्या पिशवीत तसलं काही निघालं नाही.

पार्किन्सनची गोळी लेवोडोपा सुरू झाली. जेवणाआधी अर्धा तास, कारण दूध, डाळ, अंड्यातली प्रथिनं तिच्या आड येतात. मनाने एकदम बंद करायची नाही.

आबांना काळजी एकच, भजनात टाळ वाजवायचे की नाही?

डॉक्टर म्हणाले, "वाजवा की! तालावर पाऊलसुद्धा बरं पडतं."