लीफची बॅटरी आणि ॲरिझोनाचं ऊन
सेकंडहँड ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी, बघताना लोक किलोमीटर विचारतात, बॅटरी गार कशी राहते ते कोणी विचारतच नाही. निसान लीफचंच बघा ना, २०१० ला आली, २४ किलोवॅट-अवरची बॅटरी, पण ती थंड करायला ना पाणी ना पंखा, नुसता सीलबंद डबा, मग ॲरिझोनाच्या उन्हात २०१२ पर्यंत डॅशबोर्डवरच्या कपॅसिटीच्या (बॅटरीत किती चार्ज मावतो ते दाखवणाऱ्या) १२ दांड्यांपैकी एकेक गायब व्हायला लागली. कंपनीने पुढे कपॅसिटीची वॉरंटी दिली, बॅटरीतली केमिस्ट्री पण सुधारली, कूलिंगचं मात्र २०२५ ला नवी लीफ दाखवेपर्यंत तेच राहिलं! हा हट्ट मला कधीच कळला नाही. आपल्या टाटाच्या टियागो ईव्हीत लिक्विड कूलिंग (द्रव फिरवून बॅटरी गार ठेवणं) आहे, आणि नागपूर-चंद्रपूरकडे राहणाऱ्याने तर त्याशिवाय गाडी घेऊच नये असं माझं मत, शिवाय भर दुपारी पळवून आणलेली गाडी लगेच फास्ट चार्जरला लावायची घाई पण नको, आधीच तापलेली बॅटरी आणखी तापते.