सिंगल?

“आता एकटीच आहे ना मी, म्हणून ‘सिंगल’ भरलं,” वहिनी म्हणाली. तिचं अमेरिकेतलं २०२४ चं आयकर रिटर्न केव्हाच सबमिट झालं होतं.

दादा २०२४ मध्ये गेला. अमेरिकेत जोडीदार ज्या वर्षी जातो, त्या वर्षाचं रिटर्न दोघांचं एकत्र भरता येतं. त्याच वर्षात पुन्हा लग्न केलेलं नसलं की झालं. २०२४ साठी सिंगलची स्टँडर्ड डिडक्शन (कर मोजण्याआधी उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम) १४,६०० डॉलर, एकत्र भरणाऱ्यांची २९,२००. दोन मुलांना एकटीने वाढवणाऱ्या बाईसाठी हा फरक फार मोठा आहे.

दुरुस्ती होते, हे बरं. १०४०-एक्स फॉर्म भरायचा, त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. (उलट बदल मात्र अवघड. एकत्र भरलेलं रिटर्न मूळ मुदत टळल्यावर सहसा वेगवेगळं करता येत नाही.)

मुलं अवलंबून असतील, तर पुढची दोन वर्षंही बहुतेकदा एकत्र रिटर्नचेच दर लागू होतात. हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मला राग येतो तो त्या पहिल्याच प्रश्नाचा: विवाहित की सिंगल? नुकतंच माणूस गमावलेली बाई त्याला दुसरं काय उत्तर देणार? त्या प्रश्नाखालीच हा नियम ठळक अक्षरांत का लिहीत नाहीत?