किलोमीटर भागिले तास : जुनी पोर्श ९११ घेतानाचा माझा अनुभव

मिस्त्रींनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटात वायर खोचली, लॅपटॉपवर दोन-चार बटणं दाबली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. इंजिन आजवर ३०५० तास चाललेलं. डॅशबोर्डवर किलोमीटर होते ७४ हजार. मी तिथल्या तिथे भागाकार केला, ताशी २४ किलोमीटर. गाडीचा मालक तर अर्ध्या तासापूर्वी सांगत होता की ती फक्त रविवारी बाहेर पडायची, तीसुद्धा हायवेला.

"लांब पल्ल्याची गाडी असती तर हा आकडा पन्नासच्या आसपास आला असता," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी पुढचं पान उघडलं.

ते पान त्याहून वाईट होतं. या गाडीचा इंजिन-कॉम्प्युटर मर्यादेबाहेर गेलेल्या आरपीएमची (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांची) नोंद सहा टप्प्यांत ठेवतो. खालच्या टप्प्यांतल्या नोंदी जोरात पळवलेल्या कुठल्याही गाडीत सापडतात. वरच्या टप्प्यात नोंद असली, तर बहुतेक वेळा कोणीतरी पाचव्यातून चौथ्यात यायच्या ऐवजी दुसऱ्यात गिअर टाकलेला असतो. तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवतात आणि इंजिनाच्या फेऱ्या आवरणाऱ्या रेव्ह लिमिटरचं काही चालत नाही. इथे पाचव्या टप्प्यात नोंदी होत्या, आणि शेवटची २७००व्या तासाची, म्हणजे फार जुनीही नव्हे. लाल रंग, आतलं चामडं नव्यासारखं, मला गाडी मनापासून आवडली होती. तपासणीचे पैसे दिले, मालकाचे आभार मानले आणि घरी आलो. दोन दिवस वाईट वाटत राहिलं.

हे २०२१ सालचं. मी मूळचा चिंचवडचा, नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची जुळी शहरं, आणि पुण्या-मुंबईकडून गाड्यांच्या धंद्यात आलेले मराठी इंजिनिअर इथे ठिकठिकाणी भेटतात. माझी लोकल रोज त्सुफेनहाउझेनच्या पोर्श कारखान्याला लागून असलेल्या स्टेशनात थांबते. वर्षानुवर्षं खिडकीतून तो कारखाना बघितल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी ठरवलं की एक ९११ घ्यायची. नवी परवडण्यासारखी नव्हतीच. जुनी घ्यायची, तर कुठली आणि कशी, यात माझं अख्खं वर्ष गेलं.

सुरुवातीला मी भलतीकडेच बघत होतो. व्ही-टेन म्हणजे दहा सिलिंडरच्या इंजिनाची बीएमडब्ल्यू एम-सिक्स नवी असताना लाखाच्या वर युरो पडायची, तेव्हा जुनी त्याच्या एक चतुर्थांशात मिळत होती. मोह झाला. पण त्या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजतं हे माहीतगारांत सर्वश्रुत आहे, आणि गाडीची किंमत पडली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत पडत नाही. लाखाच्या गाडीचा खर्च लाखाच्या गाडीसारखाच राहतो. महागडी गाडी स्वस्तात मिळते तेव्हा पुढच्या दुरुस्तीचं बिल त्या स्वस्ताईत आधीच वजा झालेलं असतं, हे मला तेव्हा नीट कळलं.

९११ चं गणित वेगळं आहे, पण सरसकट नाही. १९६४ पासून ही गाडी अखंड बनते आहे, जुन्या मॉडेलांचे भाग कंपनी आजही पुरवते, त्यामुळे किंमत एका पातळीखाली सहसा जात नाही. तरीही पिढीपिढीत फरक पडतो. १९९७ साली आलेल्या ९९६ या पिढीपासून इंजिन पाण्याने थंड होऊ लागलं. त्या इंजिनात इंटरमीजिएट शाफ्टचं एक बेअरिंग आहे, आयएमएस म्हणतात. ते फुटलं तर अख्खं इंजिन जातं. फुटतं थोड्याच गाड्यांचं, पण त्या भीतीने ९९६ ची किंमत वर्षानुवर्षं दबून राहिली. त्याच पिढीच्या टर्बो आणि जीटी-थ्री या महागड्या मॉडेलांमध्ये रेसिंगमधून आलेलं निराळं इंजिन होतं, त्यात हे बेअरिंगच नाही, आणि त्या गाड्यांचे भाव पार वेगळे. पुढच्या ९९७ च्या पहिल्या टप्प्यात शाफ्ट राहिला. २००९ च्या मॉडेलपासून इंजिन नव्याने बनवलं आणि शाफ्टच काढून टाकला. शिवाय ९९७ नंतर हायड्रॉलिक स्टिअरिंग जाऊन इलेक्ट्रिक आलं, आणि २०१५ पासून कॅरेरा या साध्या मॉडेललाही टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बसला. म्हणजे टर्बो नसलेलं इंजिन, हातात रस्ता जाणवणारं स्टिअरिंग आणि बेअरिंगची धास्ती नाही, हे तिन्ही २००९ ते २०१२ च्या ९९७ मध्ये एकत्र येतं. मी तिथे थांबलो. ३.६ लिटर, ३४५ हॉर्सपॉवर, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स.

दुसरी गाडी बोडन तलावाकाठच्या एका गावात सापडली. गडद निळी, २००९ ची, मालक निवृत्त शिक्षक. त्यांनी किल्लीच्या आधी एक जाडजूड फाइल माझ्या हातात दिली. पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं तारखेने लावलेली, दर दोन वर्षांच्या सरकारी तपासणीचे अहवाल, टायरचं बिल, बॅटरीचं बिल. कंपनीच्या मते ऑइल दोन वर्षांनी किंवा ३० हजार किलोमीटरला बदललं तरी चालतं. हे गृहस्थ दर वर्षी बदलत होते, मग गाडी चार हजारच चाललेली का असेना.

मला एकदम बाबांची वही आठवली. बाबांनी त्यांची स्कूटर २६ वर्षं वापरली. ऑइल, प्लग, क्लचची केबल, ब्रेक लायनर, जे बदललं ते तारीख आणि पैशांसकट दोनशे पानी वहीत. स्कूटर विकली तेव्हा घेणाऱ्याने आधी वही चाळली, मग किक मारली, आणि घासाघीस केली नाही.

तरी तपासणी केलीच. त्याच मिस्त्रींकडे गाडी नेली. तास ११८०, किलोमीटर ६१,४००, भागाकार ५२. वरच्या टप्प्यांत एकही नोंद नाही. मग सहाही स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून बारीक कॅमेरा आत सोडला. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे असले तर पिस्टन घासतोय, आणि ती दुरुस्ती म्हणजे जवळजवळ नवं इंजिन. मी श्वास रोखून बघत होतो. सिलिंडरमागून सिलिंडर, भिंत राखाडी, सरळ, ओल्या पाटीसारखी स्वच्छ. सहावा झाल्यावर मिस्त्रींनी नुसती मान हलवली.

खोट निघाली ती समोर. ९११ चं इंजिन मागे असलं तरी रेडिएटर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतात, आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. बंपर उतरवल्यावर आत कुजलेल्या पानांचा थर दिसला. मी हाताने ओंजळभर काढली, तर पानांबरोबर कंडेन्सरच्या जाळीचे पांढरे तुकडेही सुटून आले, खारीचा चुरा व्हावा तसे. टायरचे खाचे भरपूर होते, पण बाजूला छापलं होतं २३१३, म्हणजे २०१३ च्या तेविसाव्या आठवड्यातले. आठ वर्षांचं रबर. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज मी त्या दिवशी सोडला. उभ्या गाडीचं रबर, सील, पाइप, सगळं म्हातारं होतच असतं. कंडेन्सर आणि टायरचे पैसे वजा करून ५८ हजार युरोंना सौदा ठरला.

कागदपत्रं दोन दिवसांत झाली. मी एप्रिल ते ऑक्टोबरची हंगामी नंबर प्लेट घेतली. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा गाडी गॅरेजमध्येच बरी, आणि टॅक्स-विमाही तेवढ्या महिन्यांचाच भरावा लागतो. पुण्यातले मित्र विचारतात, परत येताना घेऊन येशील ना? ते जमणार नाही. तीन वर्षांहून जुनी आणि डावीकडे स्टिअरिंग असलेली वापरलेली गाडी भारतात आणता येत नाही.

गेल्या वर्षी विम्यासाठी मूल्यांकन करून घेतलं, ६६ हजार युरो आलं. ऐकणारा लगेच म्हणतो, वा, आठ हजार कमावलेस. चार वर्षांत सर्व्हिस, वॉटर पंप, सस्पेन्शनचे आर्म, विमा आणि गॅरेजचं भाडं मिळून माझे १४ हजार गेले आहेत. कोणी मला या गाडीला गुंतवणूक म्हणताना दिसलं तर मी हा हिशोब पुढे ठेवतो. किंमत टिकली हे खरं, आणि ती टिकावी म्हणून दर वर्षी पैसे मोजावे लागले हेही तितकंच खरं. या काळात तिने मला एकदाही रस्त्यात उभं केलं नाही. आल्प्सचे घाट झाले, एका दिवसात ८०० किलोमीटर झाले.

परवाच्या उन्हाळ्यात बाबा आले होते. त्यांना तलावापर्यंत फिरवून आणलं. ते शांत बसून इंजिनाचा आवाज ऐकत होते. घरी आल्यावर म्हणाले, "फाइल आण रे." चष्मा लावून अर्धा तास एकेक पान बघितलं, त्या शिक्षकांची पानं आणि नंतरची माझी. मग बोट ठेवून म्हणाले, "वॉटर पंपाचं बिल आहे, पण किती किलोमीटरला बदलला ते लिहिलं नाहीयेस."

मी पेन आणलं आणि लिहिलं, ७९,३००.