चौथा चॅनेल

नागपूरच्या मिहानमधल्या हँगरमध्ये मी एव्हिओनिक्स, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बघतो. लोक जिला ब्लॅक बॉक्स म्हणतात (पेटी नारिंगी असते, हे सांगून सांगून तोंड दुखलं), तिच्यात कॉकपिटचे आवाज नीट उतरतात का, हे ठरावीक मुदतीने ऐकून तपासावं लागतं. आवाज तपासायचा, बोलण्याकडे कान द्यायचा नाही.

चॅनेल चार. त्यातला चौथा म्हणजे एरिया माइक, कॉकपिटमधला सगळाच आवाज टिपणारा. खरी परीक्षा त्याची. इंजिनाच्या घरघरीतून, एसीच्या फुसफुशीतून एखादा स्विच 'टक्' वाजला तर तो वेगळा कळला पाहिजे. बरेच जण वीस सेकंद ऐकतात आणि 'समाधानकारक' लिहून मोकळे होतात. मी लँडिंग पूर्ण ऐकतो. चाकं टेकल्यावर, सगळा गोंगाट एकदम उसळतो तेव्हाच माइकची लायकी कळते.

मे महिन्यातली रात्र. बाहेर बारा वाजून गेले तरी पत्रा तापलेलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी निघणारं विमान एका रात्रीच्या चेकला आलं होतं. हेडफोन लावला. ३२ नंबर रनवेवर चाकं टेकली, रिव्हर्स थ्रस्ट चढला, उतरला. माइक झकास. तेवढ्यात को-पायलट म्हणाला, "सर, डावा ब्रेक आजपण उशिरा धरला. उजवीकडे ओढतंय."

मग घसा खाकरून एक पोक्त आवाज : "आत्ता लिहू नकोस. लिहिलंस तर सकाळी विमान मिळायचं नाही."

टेक लॉग, म्हणजे विमानाचे बिघाड आणि दुरुस्त्या लिहायची वही, उघडला. त्या फ्लाइटपुढे 'निल', म्हणजे बिघाड काही नाही.

या तपासणीत जे कानावर पडतं ते तिथेच राहिलं पाहिजे, यावरच पायलटांचा विश्वास उभा आहे. ही पेटी सुचली ती डेव्हिड वॉरन या ऑस्ट्रेलियन माणसाला. नऊ वर्षांचा असताना, १९३४ साली त्याचे वडील विमान अपघातात गेले. पुढे तो इंधनाचा रसायनतज्ज्ञ झाला. मेलबर्नच्या संशोधनशाळेत असताना कॉमेट जेट विमानांच्या अपघातांची चर्चा त्याच्या कानावर होती. त्यातलं एक १९५३ मध्ये कलकत्त्याजवळच पडलं होतं. शेवटच्या क्षणी वैमानिक काय बोलले, हे कळलं तर? १९५४ साली त्याने तसं टिपण लिहिलं, मग पोलादी तारेवर चार तासांचं बोलणं साठवणारं यंत्र बनवलं. त्याच्याच देशातल्या वैमानिकांनी कडाडून विरोध केला : कोणी चोरून ऐकत असेल तर आम्ही विमान उडवणार नाही.

त्या रात्री त्यांची ती भीती मीच खरी करत बसलो होतो.

रिपोर्ट करता येईना, गप्पही बसवेना. शेवटी ब्रेकवाल्या भाऊकडे गेलो. "जरा डावा ब्रेक बघता का? तेल दिसल्यासारखं वाटलं."

"मी पाह्यला न बावा, पिन मस्त आहे. तू एव्हिओनिक्सवाला, ब्रेककडं काहून पाहून राहिला?"

"सहज."

धडधडीत खोटं. मी त्या चाकाजवळ फिरकलोही नव्हतो. भाऊ कुरकुरत वाकले, टॉर्च आत घातला आणि गप्प झाले. मग हातमोजा पुढे केला. कार्बनच्या काळ्या भुकटीत जांभळट चिकट तेल. पिस्टनच्या सीलमधून पाझरत होतं. ब्रेक किती झिजलाय ते पिन सांगते, गळती नाही सांगत. म्हणून पिन बघून पुढे जाणाऱ्याला ते दिसलं नसतं. नवा ब्रेक बसवून, तेलाच्या लाइनमधली हवा काढून उजाडलं.

कॅप्टनचा मला राग आला होता, आता तेवढा नाही. विमान वेळेवर निघालं तर कोणी शाबासकी देत नाही, बिघाड लिहिला की मात्र तीन फोन येतात. पण 'आजपण' हा शब्द अजून डोक्यातून जात नाही. म्हणजे आधीही?

सकाळी क्रू आला. टेक लॉगमध्ये नोंद होती : तपासणीत डाव्या ब्रेकमध्ये गळती, ब्रेक बदलला. कॅप्टनने ती दोनदा वाचली, घसा खाकरला.

"हे कसं सापडलं?"

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "यालेच दिसलं, सर."

कॅप्टन माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बघत राहिला. त्यावर एव्हिओनिक्स लिहिलेलं आहे. मग त्याने सही केली.