तुम्ही विचारलंत म्हणून: सिमातले बेदाणे वर का येत नाहीत?

एप्रिल संपत आला की फिनलंडमध्ये वाप्पूची, म्हणजे मे दिनाच्या सणाची, तयारी सुरू होते आणि त्यासाठी सिमा हे लिंबाचं, हलकं आंबवलेलं पेय लावतात. तिथे नव्याने राहायला आलेली मंडळी हमखास विचारतात, "वाप्पूसाठी सिमा केली, पण बेदाणे बाटलीच्या तळाशीच बसलेत. ओतून द्यायची का?" नका ओतू. बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं, सुरुवात उशिरा झालेली असते.

वाप्पू ३० एप्रिलच्या संध्याकाळी सुरू होतो. हेलसिंकीत सहा वाजता विद्यार्थी बाजार चौकातल्या हाविस आमांदाच्या पुतळ्याला पांढरी टोपी चढवतात आणि १ मे रोजी कायवोपुइस्तो बागेच्या हिरवळीवर सहली बसतात. हिरवळ म्हणायची आपली. कधी त्या दिवशीही बर्फाळ पाऊस पडतो. हवा काहीही करो, तारीख हलत नाही. म्हणून सिमा २१-२२ एप्रिललाच लावायची.

चार लिटर पाण्यासाठी २५० ग्रॅम पांढरी साखर, तेवढीच तपकिरी, दोन लिंबं आणि पाव चमचा कोरडं यीस्ट. एवढ्याशा यीस्टने काय होणार, असं वाटून लोक चमचाभर घालतात आणि मग पेयाला पावाच्या कणकेचा वास येतो. लिंबं गरम पाण्याने घासून धुवा, पिवळी साल पातळ सोलून घ्या. तिच्याखालचा पांढरा थर मात्र काढून टाका, कडवटपणा तिथूनच येतो. साल, गराच्या चकत्या आणि दोन्ही साखरा मोठ्या पातेल्यात घालून त्यावर दोन लिटर उकळतं पाणी ओता. साखर विरघळली की उरलेलं दोन लिटर गार पाणी घाला.

आता थांबायचं. पाणी कोमट, म्हणजे हाताला जेमतेम ऊबदार लागेल इतपत झाल्यावरच यीस्ट घाला. बेदाणे कधीच वर न येण्याचं खरं कारण बहुधा इथेच असतं: गरम पाण्यात यीस्ट मरतं आणि पुढे कितीही वाट पाहिली तरी गोड लिंबूपाणीच हाती लागतं. पातेलं झाकून खोलीत रात्रभर ठेवा. सकाळी कडेला बारीक बुडबुडे दिसले म्हणजे यीस्ट जिवंत आहे. अजिबात दिसले नाहीत तर चिमूटभर नवं यीस्ट कोमट पाण्यात कालवून घाला आणि आणखी एक दिवस द्या.

मग गाळून स्वच्छ बाटल्यांत भरा. प्रत्येक बाटलीत एक चमचा साखर आणि पाच-सहा बेदाणे, आणि वर चार बोटं जागा मोकळी. बेदाण्यांचं काम चवीपेक्षा खुणेचं. यीस्ट साखर खाऊन वायू सोडतं, त्याचे बुडबुडे बेदाण्याच्या सुरकुत्यांत अडकतात आणि पुरेसे जमले की त्याला वर उचलतात. बुडबुडा फुटला की बेदाणा पुन्हा खाली जातो, त्यामुळे एखादा वरखाली करताना दिसला तर घाबरू नका. सगळे वर तरंगले की सिमा तयार. खोलीत याला दोन-तीन दिवस लागतात, फ्रिजमध्ये साधारण आठवडा. आमचं मत फ्रिजच्या बाजूने. घाईने केलेली सिमा फसफसते खरी, पण चव उग्र लागते.

फुटण्याची भीती मात्र खरी आहे. काचेची बाटली घट्ट बंद करून उबेत विसरलात तर आतला दाब तिला फोडू शकतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या वापराव्यात. दाबून पाहिली आणि दगडासारखी टणक लागली की झाकण हळूच सैल करून लगेच फ्रिजमध्ये. फ्रिजमध्येही यीस्ट मंदावतं, थांबत नाही, म्हणून तयार झाल्यावर आठवडाभरात संपवावी. दारूचा अंश अगदी थोडा असतो, पण शून्य नसतो. मुलांना देताना हे लक्षात असू द्या.

सोबत तिप्पालेइपा हवंच: अंडी, दूध, मैद्याचं सैल पीठ पिशवीच्या बारीक भोकातून १८० अंशांच्या तेलात धारेने सोडून केलेला पक्ष्याच्या घरट्यासारखा कुरकुरीत गुंता, वर पिठीसाखर. अंडी फक्त कालवा, फेसू नका. तेल पुरेसं तापलं नाही तर घरटं तेलकट होतं. आणि हे मात्र आधी करून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी मऊ पडतं.