अठरा वर्षे पूर्ण झाल्यानंतर

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या घरातला ताण लोकांना निदान झाले त्या दिवसांत दिसतो. पुढे वर्षानुवर्षे तो घरात मुरत जातो, तेव्हा चौकशीला फारसे कोणी येत नाही. माझा धाकटा भाऊ आता 24 वर्षांचा आहे. गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरी आई अजूनही त्याची दाढी करून देते, शर्टाची वरची दोन बटणे लावते आणि खालची त्याची त्याला लावू देते, मग त्यात कितीही वेळ जावो. रात्री तो उठून बाहेर पडू नये म्हणून तिने दाराच्या कडीला देवघरातली जुनी घंटा बांधली आहे. ती वाजली नाही तरी आईला मध्येच जाग येतेच.

गणेश चवथीला घुमट या तालवाद्यावरची आरती सुरू झाली की तो आवाजाने बिथरतो आणि आई त्याला घेऊन मागच्या खोलीत बसते. ‘वहिनी, आरतीला या ना,’ असे म्हणणारे पुष्कळ असतात; ‘तुम्ही जा, मी बसतो याच्याजवळ,’ असे म्हणणारा क्वचितच भेटतो. मला वाटते, या घरांना खरी गरज दुसऱ्या वाक्याची आहे.

शाळा होती तोवर दिवसाचे काही तास तरी आईचे होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क मात्र 18 वर्षांपर्यंतच आहे, आणि नेमके तेव्हाच मूल कायद्याने सज्ञान झाल्यामुळे आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व मिळवावे लागते. ओळखीच्या काही घरांना हे बँकेच्या खिडकीवर उभे असताना कळले. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मासिक साहाय्य उपयोगी पडते, पण त्यातून आईची झोप भरून निघत नाही. मोठ्या वयाच्या मुलांना दिवसभर सांभाळणारे, काही काम शिकवणारे केंद्र प्रत्येक तालुक्यात हवे आणि तिथवर नेणारे वाहनही हवे.

‘आमच्यानंतर कोण?’ हा प्रश्न बाबा तोंडाने विचारत नाहीत. पुढची पालक म्हणून माझे नाव द्या, असे मी दोघांनाही सांगितले आहे. आई म्हणते, ‘आधी तुझ्या संसाराचे बघ.’ यावरचे आमचे बोलणे अजून मिटलेले नाही.